चावडीवर जुळलेलं नातं

कोतवाल आला तेव्हा गिरणी चालू होती, म्हणून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. मी काट्यापाशी बसून कुणाची तरी बाजरी तोलत होते. त्यानं माझ्याकडे बोट केलं, मग रंगनाथांकडे केलं, आणि हात लांब करून चावडीची दिशा दाखवली. रंगनाथांनी पट्टा उतरवला. जातं थांबता थांबता कोतवालाचं शेवटचं वाक्य तेवढं सगळ्यांच्या कानी पडलं.

"दोघांनीबी यायचंय."

दळणाचे डबे घेऊन बसलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कोतवाल ओशाळला आणि जवळ येऊन हळू आवाजात सांगू लागला. तालुक्याहून सर्कलसाहेब आले होते. माझ्या पेन्शनीवर अर्ज झाला होता. मी दुसरं लग्न केलंय आणि ते लपवून सरकारचे पैसे खातेय, असं त्यात लिहिलं होतं. दुपारी जबाब घ्यायचे होते. अर्ज कुणाचा, असं मी विचारलं, तर म्हणाला, तुमच्याच घरचा आहे वहिनी, आता मी काय नाव घेऊ.

नाव घ्यायची गरज नव्हती.

माझे मालक उत्तम शेळके पाटबंधारे खात्यात होते. कालव्यावर त्यांची ड्यूटी. पाण्याचं आवर्तन सुटलं की पाटाच्या कडेनं हिंडायचं, कुणी चोरून दार उघडलंय का ते बघायचं. अशाच एका आवर्तनात त्यांना पान लागलं, साप चावला. सकाळी लोकांना ते भरावावर पडलेले दिसले. उज्ज्वला तेव्हा चार वर्षांची होती. काही महिन्यांनी खात्यानं वसाहतीतली खोली रिकामी करून घेतली आणि मी मुलीला घेऊन सासरी बोरदऱ्याला गेले.

थोरले दीर सखाहरीदादा आणि जाऊबाई यांनी सुरुवातीला चांगलं वागवलं. मग पेन्शन मंजूर झाली. पैसे आणले की ते आधी दादांच्या हातात द्यायचे, असं ठरून गेलं. कुणी ठरवलं ते कळलंच नाही. उज्ज्वलाला पाटी हवी असली तरी मी दादांकडे मागायची. एकदा मुलगी तापानं फणफणली होती आणि जाऊबाई म्हणाल्या, पैसे कांद्याच्या रोपाला गेले, आता आठवडाभर थांब. मी मुलीला कडेवर घेतलं आणि एस.टी.त बसून देवसांगवीला आले, कारण तिथं सरकारी दवाखाना होता. मुलीचा ताप उतरला. मी मात्र परत गेले नाही.

दवाखान्याच्या गल्लीतच एक खोली मिळाली. गल्लीच्या तोंडाशी रंगनाथ बोडक्यांची पिठाची गिरणी होती. त्यांची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, मूलही राहिलं नव्हतं. एकटा माणूस. शेतावर जायचं तर गिरणी बंद ठेवावी लागे. मी काट्यावर बसते म्हटलं, आणि ते हो म्हणाले. उज्ज्वला शाळेतून सुटली की गिरणीतच येई. पिठानं पांढरी झालेली मांजर धरून बसे.

पेन्शन चालू राहायची तर दर नोव्हेंबरात तालुक्याला जाऊन दोन गोष्टी लिहून द्याव्या लागत. एक, मी जिवंत आहे. दुसरी, मी पुन्हा लग्न केलेलं नाही. पहिल्या वर्षी ते लिहून देताना मला काही वाटलं नव्हतं. तिसऱ्या वर्षी सही करताना हात जरा थबकला.

कोतवाल गेल्यावर बाया दळण न घेताच उठल्या. रंगनाथांनी डोक्याला बांधलेलं फडकं सोडून तोंड पुसलं.

"घाबरू नको," ते म्हणाले. "मी बघतो."

मी घाबरले नव्हते. मला काय बोलायचं ते माझ्या मनात तयार होतं. चावडीपर्यंत जाताना मी तेच वाक्य घोकत गेले. आम्ही वेगवेगळे गेलो. ते मागच्या रस्त्यानं, मी देवळाकडून.

चैत्राचं ऊन होतं. चावडीच्या पडवीत सर्कलसाहेब टेबलाशी बसले होते. साठीला टेकलेला, दमलेला माणूस, शर्टाची वरची गुंडी सोडून कागदानं वारा घेत होता. बाजूला तलाठी लिहायला बसले होते. भिंतीला टेकून पोलीस पाटील गंगाधरअण्णा. गावात त्यांचा शब्द मानत. स्वतःची लेक विधवा होऊन माहेरी आलेली, त्यामुळे माझ्याशी ते कधी वाकडं बोलले नव्हते. त्यांच्यापलीकडे सतरंजीवर सखाहरीदादा होते, शेजारी त्यांचा मेव्हणा बबन. आणि दादांच्या मांडीवर उज्ज्वला बसली होती.

तिला त्यांनी शाळेतून उचलून आणलं होतं. तिच्या हातात बिस्किटांचा पुडा होता. मला बघून ती हसली, उठायला लागली. दादांनी तिच्या पोटावर हात ठेवून तिला हळूच परत बसवलं. जोर केला नाही. प्रेमानंच बसवलं.

सर्कलसाहेबांनी अर्ज वाचून दाखवला. मग बबनचा जबाब झाला. दोन महिन्यांपूर्वी तो वणीच्या गडावर गेला होता. तिथं त्यानं आम्हाला पाहिलं. रंगनाथ, मी आणि मुलगी. कासाराच्या दुकानात मी हिरव्या बांगड्या भरत होते आणि पैसे रंगनाथ देत होते. मुलीनं रंगनाथांचं बोट धरलं होतं. पायऱ्या उतरताना मुलगी त्यांच्या खांद्यावर होती. "नवराबायको चालतात तसे चालले होते," बबन म्हणाला.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्या बांगड्या मी परतीच्या एस.टी.त, गाव यायच्या आधी, एकेक करून उतरवल्या होत्या. हातावर दोन ठिकाणी ओरखडे आले होते.

सर्कलसाहेब म्हणाले, हे बघा, पुनर्विवाह झाला असेल तर ज्या दिवशी झाला त्या दिवसापासून पेन्शन बंद. नंतर घेतलेली रक्कम वसूल होईल. आणि लग्न करून, केलं नाही असं लिहून दिलं असेल, तर तो गुन्हा होतो. त्यांनी हे धमकावून सांगितलं नाही. पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं.

सखाहरीदादा हात जोडून म्हणाले, "साहेब, पैशाशी मला देणंघेणं नाही. पर ही आमच्या उत्तमची निशाणी. आई दुसऱ्या घरी गेली तर जाऊ द्या. पोर परक्याच्या घरात वाढू देणार नाही मी. आजच घेऊन जातो."

ते हे बोलत असताना त्यांचा हात उज्ज्वलाच्या केसांवरून फिरत होता. तिच्या वेणीची रिबीन सुटली होती, ती त्यांनी बांधायला घेतली.

साहेबांनी आधी रंगनाथांना पुढे बोलावलं. ते टेबलासमोर उभे राहिले. अंगावर पिठाचाच शर्ट होता. तलाठ्यांनी नाव, वय, धंदा लिहून घेतला.

"या बाईंशी तुमचं नातं काय?"

रंगनाथांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते उज्ज्वलाकडे पाहत होते. दादा तिची रिबीन बांधत होते आणि ती मान खाली घालून बिस्कीट खात होती. तलाठ्यांनी लेखणी टेकवून वर पाहिलं.

"बहीण आहे," रंगनाथ म्हणाले.

"सख्खी?"

"धर्माची."

साहेबांनी विचारलं, मग बांगड्यांचं काय.

"भावानं बहिणीला चोळीबांगडी करू नये का, साहेब?"

"हिरवी?" सखाहरीदादांनी बसल्या जागेवरून विचारलं.

"मला रंगातलं कळत नाही," रंगनाथ म्हणाले.

तलाठ्यांनी ते लिहून घेतलं. शाई ओली होती. रंगनाथांनी खाली सही केली, त्यांच्या बोटांचं पीठ कागदाला लागलं, आणि तलाठ्यांनी ते फुंकरीनं उडवलं. मग मला बोलावलं.

मी घोकत आलेलं वाक्य असं होतं: साहेब, आमचं लग्न झालेलं नाही, पण अक्षय तृतीयेला करणार आहोत, त्या दिवसापासून माझी पेन्शन बंद करा.

गडावरच आमचं ठरलं होतं. देवीसमोर मीच त्यांना म्हटलं होतं की उज्ज्वलाची परीक्षा होऊ द्या, मग मी पेन्शनीचा कागद परत करते. गिरणीवर तिघांचं भागेल. ते एवढंच म्हणाले होते की भागेल. मग कासाराच्या दुकानाशी थांबले आणि म्हणाले, भर. परीक्षा पुढच्या आठवड्यात संपत होती. नवी साडी पिकोला टाकलेली होती.

आता तेच वाक्य बोलायचं तर टेबलावरच्या कागदाला खोटं पाडावं लागत होतं, आणि त्या कागदाखाली त्यांची सही वाळत होती. गडावर बांगड्या भरणारी बाई म्हणते लग्न झालं नाही, होणार आहे; गिरणीवाला म्हणतो बहीण आहे. कुणाचं खरं धरलं असतं? दोघंही लबाड, असंच धरलं असतं. मग वसुली, गुन्हा, आणि त्याआधी, आजच, माझ्यासमोर, दादांनी मुलीला उचलून नेलं असतं.

"हे सांगतात ते खरं का?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"हो म्हणून चालत नाही, बाई. नातं सांगा."

उज्ज्वलाचं बिस्कीट खाणं थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

"भाऊ आहेत माझे," मी म्हटलं.

मी सही केली. साहेबांनी कागद एकत्र केले, शर्टाची गुंडी लावली. पुनर्विवाह झाल्याचं आढळत नाही, असा अहवाल जाईल म्हणाले. मला वाटलं, सुटलो. महिन्या दोन महिन्यांनी, हे थंड झालं की, बघता येईल.

तेवढ्यात गंगाधरअण्णा उठले. म्हणाले, साहेब, कागदावर तुमचं झालं, पण गावाची तोंडं अशी बंद होणार नाहीत. उद्या पुन्हा कुणी अर्ज करेल. या पोरीला पुन्हा इथं उभं राहावं लागेल. मारुती समोर आहे, सगळे जमलेलेच आहेत. नातं धर्माचं आहे तर देवासमोर दोरा बांधू द्या. आम्ही पंच. मग कुणी ब्र काढला तर माझ्याशी गाठ आहे.

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या भल्यासाठीच ते बोलत होते. आजही मला त्यांच्यावर राग धरता येत नाही.

गुरवानं लाल दोरा आणला. मारुतीच्या पायरीवर चावडीतले सगळे, शिवाय रस्त्यानं जाणारे, दळण न घेता उठलेल्या बायासुद्धा उभ्या होत्या. रंगनाथांनी हात पुढे केला. त्यांच्या मनगटावर पट्ट्यानं भाजल्याची जुनी खूण होती, मला ती पाठ होती. मी दोरा बांधला. गाठ नीट बसेना. गंगाधरअण्णांनी गाठीवर बोट ठेवून धरलं, तेव्हा बसली. रंगनाथांनी खिशात हात घालून नोट काढली आणि ओवाळणी म्हणून माझ्या तळहातावर ठेवली.

सखाहरीदादांनी उज्ज्वलाला खाली ठेवलं. ती पळत येऊन मला बिलगली. दादा चपला घालत माझ्याजवळ थांबले.

"भाऊ मिळाला, बरं झालं," ते म्हणाले. "आता भाऊच राहू दे."

पंचांपैकी कुणाला त्यातलं काही कळलं नसेल. दादांना सगळं कळलं होतं.

दिवस मावळायच्या आत मी गिरणीत गेले. उज्ज्वला बाहेर ओट्यावर मांजराशी खेळत होती. आत आम्ही दोघंच होतो. ते जात्याचा वरचा दगड उलटा करून छिन्नी-हातोडीनं त्याला टाकी लावत बसले होते. मला पाहून हातोडी थांबली.

"बसा, ताई," ते म्हणाले.

एकटे असताना ते मला तू म्हणत. मी आजूबाजूला पाहिलं.

"इथं कुणी नाही," मी म्हटलं.

"ठाऊक आहे."

"मग ताई काय म्हणता?"

त्यांनी मनगट माझ्यासमोर धरलं. दोऱ्यावर दगडाची भुकटी बसली होती. "चावडीवर खोटं बोललो, ते पोरीसाठी. त्याचं पाप लागलं तर माझ्या डोक्यावर घेतो. पण हा देवासमोर बांधला. तुम्ही बांधला, मी बांधून घेतला. आता हा खोटा कसा करू?"

"मला सांगायचं होतं तिथं. मी पेन्शन सोडणार होते."

"पेन्शन सोडली असती," ते म्हणाले. "पोर सोडली असती का?"

मी म्हटलं, दुसऱ्या गावाला जाऊ. नाशिकला जाऊ, तिथं कोण ओळखतं. ते म्हणाले, मी ओळखतो ना. आणि त्यांनी हातोडी उचलली. टाकीचा आवाज सुरू झाला तसं बोलणं बंद झालं. मी उज्ज्वलाला हाक मारून खोलीवर आले.

त्यानंतर मी काट्यावर बसायचं सोडायला हवं होतं. पण सोडलं असतं तर गाव म्हणालं असतं, भावाच्या गिरणीत बसायला लाज कसली. म्हणून बसत राहिले. गाव मला मान देऊ लागलं. पूर्वी नाक मुरडणाऱ्या बाया आता रंगनाथांची बहीण म्हणून हळदीच्या दळणाला मला बोलावत. दर राखीला गंगाधरअण्णा आवर्जून येऊन विचारत, बांधली का गं? मी बांधत होते. नोव्हेंबरात तालुक्याला जाऊन लिहून देत होते. आता सही करताना हात थबकत नव्हता.

पुढच्या वर्षी लोकांनी रंगनाथांना लग्नाची गळ घातली. सिन्नरकडची मुलगी होती, मथुरा. वय जरा वाढलेलं, बाप नसलेली. मुलगी बघायला बहीण म्हणून मलाच नेलं. मी तिला एक-दोन प्रश्न विचारले आणि बाहेर येऊन म्हटलं, चांगली आहे. खरोखरच चांगली होती. लग्नात मला मानाचं लुगडं आलं. मथुरा घरात आल्यापासून मला वन्सं म्हणू लागली. भाजीला मीठ बरोबर आहे का, हे तिला माझ्याकडूनच कळायला हवं असे. नवऱ्याशी काही बिनसलं की ती माझ्याकडे येऊन बसे. म्हणे, वन्सं, तुम्ही त्यांना सांगा, तुमचं ऐकतात ते.

त्याच साली नोव्हेंबरात मी तालुक्याच्या कोषागारात रांगेत उभी होते. माझ्यापुढे एक तरणी बाई होती, कडेवर मुलगा, सोबत म्हातारे वडील. वडील खिडकीतल्या माणसाला चाचरत विचारत होते की पोरीचं दुसरं लग्न करायचं आहे, तर पेन्शनीचं काय होईल. त्या माणसानं वर न बघताच उत्तर दिलं. रोज देत असेल.

"हिची बंद होईल. मग मुलाच्या नावानं चालू होईल. आईनं पालक म्हणून अर्ज करायचा. मूल आईजवळ आहे ना? मग हिच्याच हातात मिळेल."

म्हातारा म्हणाला, म्हणजे पूर्ण बंद नाही होत? तो म्हणाला, अहो नाही, मुलाचा हक्क कुठं जातो.

माझा नंबर आला. त्यानं कागद पुढे सरकवला. मी जिवंत आहे. मी पुन्हा लग्न केलेलं नाही. मी सही केली. बाहेर येऊन बाकड्यावर बसले. पुढची एस.टी. आली नि गेली, मी बसूनच होते.

सखाहरीदादांना हे ठाऊक होतं का, मला आजही माहीत नाही. त्या दिवशी ते मुलगी मागत होते ते उत्तमची निशाणी म्हणून, की मुलीबरोबर पेन्शन परत त्यांच्या हातात आली असती म्हणून, हे त्यांनाच ठाऊक. आता ते नाहीत. आणि चावडीवर बसलेल्या सर्कलसाहेबांना हे माहीत असणारच. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. आम्ही दोघांनीही विचारलं नव्हतं. आमच्या माहितीत पेन्शन बंद म्हणजे बंद होती.

गावात उतरले ती थेट गिरणीकडे गेले. रंगनाथांना सांगायचं, एवढंच डोक्यात होतं. सांगून काय होणार होतं, त्याचा विचार नव्हता. गिरणी चालू होती. काट्यापाशी, माझ्या जागेवर, मथुरा बसली होती. तिला सातवा महिना होता. मला बघून तिनं बूड सरकवून जागा केली.

"या वन्सं," ती म्हणाली. "दमला का? चेहरा बघा कसा झालाय. अहो, ताई आल्यात, पाणी द्या त्यांना."

रंगनाथांनी माठातलं पाणी आणून दिलं. विचारलं, "काम झालं, ताई?"

"झालं," मी म्हटलं.

"काही अडलं नाही ना?"

"नाही."

मी पाणी प्याले. तांब्या परत दिला.

माघात मथुराला मुलगा झाला. बारशाला दारात मांडव घातला होता. गल्लीतल्या सगळ्या बाया आल्या होत्या. नाव ठेवायला आत्या लागते. कुणी म्हातारी पुटपुटली की शुभकार्य आहे, हिच्या हातून नको, दुसरी कुणी बघा. मथुरानं पदर खोचला आणि म्हणाली, माझ्या बाळाला आत्या एकच आहे. तिनं मला हाताला धरून पाळण्यापाशी आणलं. रंगनाथ दाराच्या चौकटीत उभे होते. उज्ज्वला त्यांच्या कमरेला टेकून टाचा उंचावून बघत होती.

योगेश नाव ठेवायचं ठरलं होतं. मी पाळण्यात वाकले. बाळाला दुधाचा वास येत होता. त्याच्या कानाशी तोंड नेऊन मी कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. तेवढ्यात बायांनी रीतीप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घालायला सुरुवात केली. हसत होत्या सगळ्या. मी पाळण्याची कड धरून तशीच वाकून राहिले.

कुणीतरी म्हणालं, पुरे गं, जोरात लागलं तिला, रडतेय बघा. तेव्हा त्यांनी हात आवरले.